भाताच्या काट्यावरची येझदी

आमच्या घराण्यात अक्कल वाटली तेव्हा काटा बिघडलेला असावा. नाहीतर माझ्या दोन भावांनी बाबांच्या मोटरसायकलचं जे केलं, ते दुसऱ्या कोणी केलं नसतं.

थोरला काळुराम. रोह्याला राहतो. धाटावच्या एका कंपनीत फिटर होता, आता रिटायर झालाय आणि घरातल्या माणसांचे नटबोल्ट आवळतो. धाकटा गोविंदा. हमरापूरला गावच्या घरातच त्याचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी स्वतः करतो आणि त्या दिवसांत जमिनीवर पाय ठेवत नाही. आणि मधली मी, सरू. गडबला हायवेवर माझी आणि माझ्या नवऱ्याची, प्रविणची, चहा-वडापावची टपरी आहे, मागेच घर. मी वयानेही मधली आणि रस्त्यानेही. पेणला जाणारा आणि रोह्याला जाणारा, दोघेही माझ्याकडे थांबतात, फुकटचा चहा पितात आणि एकमेकांच्या चहाड्या सांगतात.

बाबा गेले त्या वर्षी वाटणी झाली. पंच म्हणून विठूकाका बसले होते. शेत झालं, घर झालं, तांब्याची भांडी झाली, आंब्याच्या झाडाच्या फांद्यासुद्धा झाल्या. मला वाटणीत "तुला काय गो कमी, तू सुखात हायस" एवढं वाक्य आलं. शेवटी राहिली बाबांची येझदी. या गाडीवर बाबांनी आईला सगळा तालुका दाखवला होता. ती दोघांनाही पाहिजे होती. एकाने गाडी घ्यावी, दुसऱ्याने बदल्यात काही घ्यावं, हे दोघांनाही मान्य नव्हतं. दुपार टळली, चुलीवरच्या मटणाचा वास ओटीपर्यंत येऊ लागला, आणि विठूकाका वैतागून म्हणाले, "मग अर्धी अर्धी घ्या नि गप बसा!"

काका रागाने बोलले होते. पण आमच्याकडे पंचाचा शब्द पडला की पडला. काळूदादा त्याच पावली पाने घेऊन आला. गाडी खोलली. भात मोजायचा काटा पडवीत होताच, त्याच्यावर दोन ढीग तोलले. इंजिन दादाकडे गेलं. सांगाडा, टाकी आणि चाकं गोविंदाकडे गेली. पारडं जुळेना तेव्हा सीट, हँडल आणि पुढचा दिवा इकडून तिकडे टाकून पाहिला, शेवटी तिन्ही दादाच्या ढिगात गेले. त्या गाडीला दोन सायलेन्सर, म्हणून एक एक वाटून घेतला. काटा सरळ झाला तसे दोघांचे चेहरे खुलले. मग सगळे मटण जेवले.

जेवणानंतर आईची पाळी आली. आई काट्यावर घालण्यासारखी नव्हती, म्हणून तिची महिन्यांत वाटणी केली. गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत हमरापूर, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत रोहा. गोविंदाने पाडवा ते दसरा मागून घेतला, कारण त्या दिवसांत कारखान्यात कामगार असतात आणि त्यांना रांधून घालायला माणूस लागतं. दादाने उरलेले महिने घेतले, कारण ते उरले होते. आई कोपऱ्यात वाटाणे सोलत बसली होती. तिला कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून वर्षातून दोनदा माझ्या टपरीवर आईची देवघेव होते. एक भाऊ सोडतो, दुसरा उचलतो. मधल्या वेळात आई अर्धा कप चहा पिते. इथली गोळी तिथे राहिलेली असते, तिथला चष्मा इथे. रोह्यात जरा ओळखीपाळखी झाल्या की पाडवा येतो. हमरापूरला शेजारणींशी गप्पा रंगल्या की दसरा येतो. दर वेळी बाकावर बसून ती म्हणायची, "सरे, तुझ्याकडं पथारीपुरती जागा हाय का गो?" आणि स्वतःच हसायची. जागा होती. प्रविणने कितीदा सांगितलं, आईंना इथेच ठेव. माझाही जीव त्यातच अडकला होता, तिला एका जागी टेकता यावं. पण भावांपुढे विषय काढला की दोघांचं एकदम एकमत व्हायचं, आणि ते फक्त तेवढ्यापुरतंच. "दोन मुलगे जिते असताना आई जावयाच्या दारात ऱ्हायली तर लोकं आमच्या तोंडात शेण घालतील." लोकांना एवढं शेण परवडतं का, हे मी कधी विचारलं नाही.

अशी वर्षं गेली. मग जुन्या गाड्यांची फॅशन आली. शनिवार-रविवार मुंबईची पोरं आजोबांच्या वयाच्या गाड्या फटफटवत माझ्या टपरीवर थांबू लागली. एक दिवस दादाने अशी चकाचक येझदी पाहिली. वडा हातातच राहिला.

"सरे," जाताना हळूच म्हणाला, "मी बाबांची गाडी उभी करतो. गोविंदाला बोलू नको. दसऱ्याला आईला न्यायला त्याच गाडीवर येनार."

"इंजिनावर बसून येणार का?"

"बाकीचं काय, पत्राच तर हाय. करीन मी." आणि माझी चहाची मोठी गाळणी उचलून घेऊन गेला. एअर फिल्टरला पाहिजे होती म्हणे.

त्याच आठवड्यात गोविंदा आला. तोही हळूच. "ताई, बाबांची गाडी तयार करतोय. दादाला बोलू नको. दसऱ्याला आईला तिच्यावरनं आननार."

"आणि इंजिन?"

"इंजिन काय गो," गोविंदा म्हणाला, "आपन एवढे देव बनवतो, तिथं एक इंजिन नाय बनवनार?"

मला वाटलं चेष्टा करतोय. पण माझा भाऊ कारखान्याबद्दल चेष्टा करत नाही.

पुढचे महिने दोघांचे फोन मला येत होते. दादाने कोणाच्या तरी मोडक्या गेटचे पाइप वेल्डिंग करून सांगाडा केला. पुढचं चाक एका गाडीचं, मागचं दुसऱ्याच गाडीचं, त्यामुळे ती उभी असली तरी चढ चढल्यासारखी दिसायची. टाकीसाठी पामतेलाचा पत्र्याचा डबा, त्याला पिण्याच्या पाण्याच्या पिंपाची तोटी. दुसऱ्या सायलेन्सरच्या जागी बोअरिंगच्या पाइपाचा तुकडा. ब्रेकसाठी काय वापरलं ते त्याने सांगितलं नाही, पण वहिनी फोनवर म्हणाली की घरातल्या कोणाच्याच चपला जोडीने सापडत नाहीत. एवढं करून इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बाबांचं इंजिन होतं ते, त्याने दादाचीसुद्धा लाज राखली.

गोविंदाचं काम वेगळं. त्याने माझ्या टपरीवर थांबलेल्या एका येझदीच्या इंजिनाचे मोबाइलवर फोटो काढून घेतले, आधी शाडूत घडवलं, मग साचा काढला आणि फायबरमध्ये ओतलं. दुसरा सायलेन्सर पहिल्याचा साचा घेऊनच पाडला. हँडल सायकलचं, सीटला सिंहासनाची उरलेली लाल मखमल. दिव्याच्या जागी डब्याचं झाकण, पण त्यावर काच अशी रंगवली की दुपारीसुद्धा पेटलाय असं वाटावं. इंजिनाला चंदेरी मारली, कडांना काळपट छटा दिली, आणि खालच्या बाजूला तेलाचा एक ओघळसुद्धा रंगवला. त्याने मला फोटो पाठवला तेव्हा मी खरंच फसले. "रे, तेल गळतंय तुझ्या इंजिनातून," मी म्हटलं. तो एवढा खूष झाला की त्याने फोन ठेवून परत केला आणि तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं.

तर एकाची गाडी चालत होती पण बघवत नव्हती. दुसऱ्याची बघत राहावी अशी होती, पण चालत नव्हती. आणि दोघांनीही आईला सांगून ठेवलं होतं, या दसऱ्याला तुला बाबांच्या गाडीवर बसवतो. आईने दोघांना बरं म्हटलं. मला फोनवर म्हणाली, "गाडीवर बसवा नायतर पालखीत. जायाचं तर हायच ना गो."

दसरा उजाडला. मी टपरीला झेंडूचं तोरण लावलं. सकाळीच पेणच्या बाजूने काहीतरी येताना दिसलं. येझदीच ती! चकाकत होती. पुढे गोविंदा, मागे आई, पदर घट्ट धरलेला. गाडीला झेंडूचा हार. आवाज मात्र अजिबात नाही. जवळ आली तेव्हा दिसलं, कारखान्यातले दोन कामगार मागून ढकलत होते आणि घामाने निथळत होते. गाडी टेम्पोत गणपतीसारखी पेंढ्यात बसवून आणली होती आणि अलीकडच्या वळणावर उतरवली होती. चाकात अजून पेंढा अडकलेला.

टपरीवरचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "वा! आवाज नाय. इलेक्ट्रिक केलीस काय रे?"

"व्हय," गोविंदा म्हणाला.

आई उतरली आणि बाकावर बसली. मी तिला चहा दिला. तेवढ्यात नागोठण्याच्या बाजूने धुराचा लोट आला आणि धुराच्या आत काळूदादा. भिसे खिंड चढून आला होता बिचारा. तोंड काळं, शर्टावर पेट्रोलचे डाग. त्याने ब्रेक दाबला. चपलांनी काय करायचं ते केलं, पण गाडी थांबली ती माझ्या रिकाम्या बाकड्याला आपटूनच.

धूर निवळला. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकमेकांच्या गाडीकडे.

"ही बाबांची गाडी?" गोविंदा पामतेलाच्या डब्यावर टिचकी मारत म्हणाला. "भजी तळायला आनलीस का रे दादा?"

दादाने पुढे होऊन गोविंदाच्या इंजिनावर बोटाच्या पेराने ठकठक केलं. आत पोकळ आवाज आला. पुन्हा ठकठक केलं. "कधी विसर्जन?" त्याने विचारलं.

मग जे व्हायचं ते झालं. बाबांना कोणी पाणी पाजलं, औषधं कोणी आणली, आंब्याची कुठली फांदी कोणी तोडली, सगळं बाहेर आलं. गिऱ्हाइकांनी आणखी एकेक चहा मागवला. प्रविणने भजी काढायला घेतली, कारण माणसं आता लवकर उठणार नव्हती. आई बाकावर बसून हातातल्या आपट्याच्या पानांची टोकं सरळ करत होती.

भांडता भांडता दादाचा हात गोविंदाच्या सांगाड्यावर गेला. बाबांच्या गाडीचा खरा सांगाडा. त्याने इंजिन बसतं ती जागा चाचपून पाहिली आणि त्याचा आवाज उतरला. "इथला बोल्ट तुझ्याकडं हाय?"

"डब्यात ठेवलाय. फेकला नाय," गोविंदा म्हणाला. त्याचाही आवाज उतरला होता.

"बघू तर, बसतंय का."

एवढंच. पण पाने कुठे होते? दसरा ना! दादाचे पाने, हातोड्या, पक्कड, सगळं रोह्याला देवापुढे पाटावर मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं. गोविंदाची हत्यारं हमरापूरला पूजेत. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम दोघांनाही मोडवेना. गाडी काट्यावर तोलणाऱ्यांना धर्म बरोबर आठवतो. मग माझ्या स्वयंपाकघरावर धाड पडली. सांडशी, उलथणं, खलबत्त्याचा दांडा, नारळ सोलायची पारई, सगळं बाहेर गेलं. सांडशीने नट पिरगाळत माझे दोन भाऊ बाबांच्या गाडीच्या दोन बाजूंना मातीत बसले होते, आणि किती वर्षांनी मी त्यांना एकाच कामात पाहत होते, देव जाणे. वैताग आला होता. डोळेही भरून आले होते. त्यातच सांडशी वाकडी झाली.

संध्याकाळ झाली तरी काम अर्धंच. "ऱ्हायलेलं उद्या," दादा म्हणाला, "उद्या पाने घेऊन येतो." एवढं बोलून त्याच्या लक्षात आलं की आईला न्यायचं होतं. गाडी तर खोललेली. "एक दिवस ऱ्हाऊ दे तिला इथं," तो म्हणाला. तोंडात शेण घालण्याचं काही बोलला नाही. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पथारी घालायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाने आले. इंजिन सांगाड्यात बसलं, हँडल चढलं, खरा दिवा लागला, दोन्ही खरे सायलेन्सर एकमेकांसमोर आले. गोविंदाने मखमल काढून जुनी सीट लावली. दादाने किक मारली. दुसऱ्या किकला गाडी बोलली. तोच आवाज. बाबा हमरापूरच्या वेशीवर असताना आई चुलीवर चहा ठेवायची तो आवाज. दादा रडला, गोविंदा रडला, आई नुसती मान डोलावत राहिली.

रडून झालं आणि प्रश्न आला, गाडी कोण नेणार.

गोविंदा म्हणाला, "सहा महिने तू, सहा महिने मी. आईसारखं."

"नाय!" दादा एकदम म्हणाला. "काय बोलतोस तू? जुनं मशीन हाय. सारखं इकडून तिकडं हलवायचं नसतं. हाल व्हतात. एका जागी ऱ्हायला पायजे, एका हाताखाली."

"ते पन खरं," गोविंदा म्हणाला. "हवा-पानी बदललं की जुन्या वस्तूला सोसत नाय."

आई त्यांच्यापासून हातभर अंतरावर बाकावर बसली होती. शेजारी तिची पिशवी.

माझ्या हातात झारा होता. तो मी कढईत आपटला. "गाडीला सोसत नाय, आणि हिला सोसतंय? वर्षातून दोनदा हिला उचलता नि ठेवता, तेव्हा हाल होत नाहीत? लोखंडाची दया येते रे तुम्हाला!"

हायवेवरून ट्रेलर गेला. मग दादा अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "सरे, आईची गोष्ट येगळी. आई मानूस हाय. ती सांभाळून घेते. गाडी काय बोलनार?"

त्याला आपण काय बोललो ते कळलं नाही. हेच मला जास्त लागलं. तो वाईट नाही, माझा भाऊ. त्याला खरंच तसं वाटत होतं.

शेवटी ठरलं. रोह्याला नाही, हमरापूरला नाही, गाडी मधोमध ठेवायची. माझ्या टपरीच्या शेडमध्ये. दोघांनीही रविवारी येऊन बघायची. विठूकाका असते तर म्हणाले असते, चला, जेवायला वाढा.

"मग मी बी इथंच ऱ्हाते," आई म्हणाली.

"आये, लोकं काय म्हनतील? आई लेकीकडं..." दादा म्हणाला.

"लेकीकडं कुठं?" आई म्हणाली. "तुझ्या बापाच्या गाडीकडं ऱ्हाते. ती पुसायला नको कोन? उन्हातनं काढायला, झाकायला? जुनी वस्तू हाय."

दोघांनी खरंच विचार केला, आणि गाडीला माणूस लागणार हे त्यांना पटलं. गोविंदा तर म्हणाला, बरं झालं, आपलं मानूस असलं म्हंजे काळजी नाय.

आता आई माझ्याकडे आहे. लोकांनी कोणाच्याही तोंडात काही घातलं नाही. विचारलंच तर मी सांगते, बाबांची गाडी सांभाळते, आणि लोक म्हणतात, वा. दादा गाडीसाठी जाड कव्हर घेऊन आला, गोविंदाने टाकीवर सोनेरी रेघ ओढून दिली. रोज संध्याकाळी दादाचा फोन येतो. मी वडे तळत असते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून आईपुढे ठेवते.

परवा त्याने नेहमीसारखं विचारलं, "गाडी कशी हाय?"

"बरी हाय," आई म्हणाली. "गुडघे दुखतात."

पलीकडे चाललेला टीव्ही बंद झाला.

"कधीपासनं?" दादाने विचारलं.

"रोह्याला व्हते तवापासनं."

रविवारी दादा आला. एका हातात इंजिन ऑइलचा डबा, दुसऱ्या हातात औषधी तेलाची बाटली. बाटली त्याने माझ्याकडे दिली, "लाव तिला," म्हणाला, आणि शेडकडे वळला. गोविंदा आधीच कव्हर काढत होता.

"काळू," आईने हाक मारली, "सरूचे हात पिठात हायत. तूच लाव."

तो थांबला. डबा खाली ठेवला. मग आईच्या पायाशी जमिनीवर बसला, तेल तळहातावर घेतलं, आणि कुठून सुरुवात करायची हे त्याला कळेना. आयुष्यभर नटबोल्ट आवळलेला माणूस, पण आईच्या गुडघ्याला त्याने कधी हात लावला नव्हता. आईने त्याचा हात धरून जागा दाखवली. थोड्या वेळाने गोविंदाही कव्हर तसंच टाकून आला आणि दुसऱ्या पायाशी बसला.

मी प्रविणला वड्यांकडे बघायला सांगितलं. त्या दिवशी गाडी कोणी चालू केली नाही.